ड्रायव्हरचं झाकण

मी सातवीपर्यंत शिकलो. रेल्वेच्या यार्डात मालगाडीचे डबे दुरुस्त करणं आणि रंगवणं, एवढंच काम मला येतं. ते भुसावळला सुरू केलं आणि जयपूरला संपवलं. लिहिण्याचा संबंध आला तो डब्यांवर खडूनं खुणा करण्यापुरता. तेव्हा यात कुणी सजावट शोधू नये.

ज्या हिवाळ्यात सगळी फौज सरहद्दीवर नेऊन उभी केली होती, त्या हिवाळ्याचं हे आहे. माझा एकुलता एक मुलगा फौजेत रणगाडा चालवतो. त्याची आई त्याच वर्षी, पाऊस सरता सरता गेली. किडन्या गेल्या होत्या. त्याबद्दल अजून काही लिहीत नाही, लिहिता येणार नाही.

उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा त्यानं दिल्लीहून एक खोकं आणलं होतं. वर रणगाड्याचं चित्र. आत हिरव्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले शेकडो बारीक तुकडे. ते कापून सुटे करायचे, जोडायचे, रंगवायचे, की खऱ्याच्या पस्तीसपट लहान रणगाडा तयार होतो. तो चालवतो तोच नमुना. खऱ्याचा फोटो घरी आणता येत नाही, म्हणून आईला दाखवायला हे आणलं.

"यात तू कुठं बसतोस?" तिनं विचारलं.

त्यानं चित्रावर बोट ठेवलं. पुढच्या बाजूला, तोफेच्या नळीखाली, एक छोटं झाकण होतं.

"हे आतून उघडतं ना?"

"उघडतं गं आई. मी काय बरणीतलं लोणचं आहे?"

"लोणचं बाहेरून दिसतं तरी," ती म्हणाली. "तू तर दिसणारसुद्धा नाहीस."

मग खोकं कपाटावर गेलं आणि ती आजारात गेली.

डिसेंबरात सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. मुलाचा फोन आला की आता फोन कमी येतील, आणि तो कुठल्याशा वाळवंटात निघून गेला. मुरलीपुऱ्याच्या घरात मी आणि सून, दोघंच. सून इथलीच, जयपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. मराठी घरची आहे, पण तिची मराठी हिंदीच्या रुळावरून धावते. सकाळी शाळेत शिकवायला जायची, दुपारी यायची, तोवर मी टीव्हीसमोर. टीव्हीवर दिवसभर सरहद्द. एकच रणगाडा त्याच टेकडीवरून दहा वेळा चढवायचे, आणि दहाही वेळा मला वाटायचं, आत आपलंच पोर आहे.

आमच्या घरात देव नाहीत. बुद्धाची एक तसबीर आहे, आणि बावीस प्रतिज्ञा आम्ही नवरा-बायकोनं शेजारी उभं राहून घेतलेल्या. मांजर आडवं गेलं, डोळा फडफडला, असलं आमच्याकडे चालत नाही. पण मी मूळचा भित्रा. ती नव्हती. मला काही वाटलं की मी तिला सांगायचो, ती हसायची, आणि ती हसली की ते जायचं. आता सांगायला जागा नव्हती. भीती यायची ती मुक्कामालाच यायची.

एका दुपारी सुनेनं टीव्ही बंद केला, कपाटावरचं खोकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, हे बनवा. नाहीतर मी केबलवाल्या भैयाला सांगून कनेक्शन कटवून टाकते."

"माझे हात थरथरतात."

"टीव्ही बघताना पण थरथरतात. मतलब काम करून थरथरू द्या."

असं ते सुरू झालं. गच्चीवर उन्हात बाज टाकायचो, पुढ्यात पाट, पाटावर पांढरं फडकं, म्हणजे पडलेला तुकडा दिसावा. सोबतचा कागद परदेशी अक्षरांतला होता, पण आकडे आणि बाण होते. यार्डातले नकाशे मी तसेच वाचायचो, अक्षरं सोडून. तुकडा नेलकटरनं तोडायचा, बारीक कानशीनं कड घासायची, आधी कोरडाच बसवून बघायचा, मगच गोंद. मनगट पाटाच्या कडेला टेकवलं की बोटं बऱ्यापैकी ऐकायची. चाकं दोन्ही बाजूंना सहा-सहा, प्रत्येक चाकाला आपला वेगळा दांडा. डब्याची बोगी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, कळलेल्या माणसाला ते अवघड नाही. आठवडाभर मला खरंच बरं वाटलं. यंत्र समजत गेलं की भीती थोडी लांब उभी राहते.

नळी दोन फाकांची होती. जोडल्यावर मधे रेघ राहिली. मी रंगाऱ्याच्या दुकानातून लांबी आणली आणि ती रेघ भरायला बसलो. सून शाळेतून आली.

"काय करताय?"

"लांबी लावतोय."

तिनं नळीकडे बघितलं. "आणखी किती लांबी? एवढी काय कमी आहे?"

लांबी म्हणजे रंगाच्या आधी भेगा बुजवायला भरतात तो लगदा, हे तिला माहीतच नव्हतं. मला कित्येक दिवसांनी हसू आलं. तीही हसली, आणि मग दोघंही एकदम गप्प झालो, दुखवट्याच्या घरात कोणी मोठ्यानं बोलल्यावर होतात तसे.

झाकणाचं काम शेवटी आलं. कागदावर दोन चित्रं होती. उघडं हवं तर असं चिकटवा, बंद हवं तर तसं. मला दोन्ही पटेनात. झाकण आहे तर ते उघडलं पाहिजे आणि मिटलंही पाहिजे. जुन्या मिक्सरच्या वायरमधून तांब्याची एक तार सोलून काढली आणि तिची बिजागरी केली. मुलगा एकदा बोलता बोलता म्हणाला होता की त्याचं झाकण आधी वर उचलतं, मग बाजूला फिरतं. तसंच जमवलं. दोन दिवस गेले त्यात. तिसऱ्या दिवशी नखानं उचललं तर उचललं, फिरवलं तर फिरलं. डब्याचं गंजलेलं दार मोकळं झाल्यावर व्हायचा तसा आनंद झाला.

मग वरचं डोकं बसवलं, ज्याला मुलगा टरेट म्हणतो. ते गोल फिरतं, आणि त्याला लागलेली तोफ वर-खाली होते. फिरवून बघितलं. नळी डावीकडे असताना झाकण उघडलं. उजवीकडे असताना उघडलं. नळी समोर आणून खाली केली आणि झाकण उचललं.

ते नळीच्या बुडाला अडलं.

मला वाटलं माझी तार चुकली. तार काढली, दुसरी घातली. पुन्हा अडलं. झाकण कानशीनं घासलं. अडलं. मग मी घासणं थांबवलं, कारण चूक माझी नव्हती. गोष्टच तशी होती. नळी समोर आणि खाली असली की ड्रायव्हरचं झाकण उघडायला जागा उरत नाही. आणि लढताना नळी समोरच असणार, दुसरीकडे कुठं असणार. गोळा लागला, वीज गेली, टरेट जागच्या जागी अडकलं, तर नळी कोण हलवणार? आतल्यानं काय करायचं?

हा अपशकुन असता तर मी झटकला असता, ती हसायची ते आठवून झटकला असता. पण हे लोखंड होतं. लोखंडाला हसून चालत नाही.

आणि मला बंद दाराचं माहीत आहे. भुसावळला असताना यार्डात एक डबा रुळावरून उतरून कलंडला, दार चेपलं, आणि आत एक हमाल राहिला. माझ्या हातात घण होता. मी बाहेरून मारायचो आणि थांबलो की आतून ठोकल्याचा आवाज यायचा. सुरुवातीला जोरात, मग हळू, मग नुसती बोटं आपटावीत तसा. माणूस निघाला, जिवंत निघाला. पण तो आवाज माझ्या कानातून निघाला नाही. तेव्हापासून मी संडासातसुद्धा आतून कडी लावत नाही. बायको बाहेरून म्हणायची, "मग गाणं तरी म्हणा, लोकांना कळू दे कोण बसलंय." मी म्हणायचोही.

सुनेला यातलं काही सांगितलं नाही. खोकं बंद केलं. ती विचारायची, "बाबा, फिनिश का नाही करत?" मी म्हणायचो, गोंद वाळला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, गच्चीवर पतंगांचा त्रास होतो. ते अर्धं खरं होतं. संक्रांत जवळ आली होती, आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या भरलेल्या, आणि कुणाचा पतंग कापला गेला की "वो काटा" अशी जी आरोळी उठायची ती ऐकली की मी जिना उतरून खाली यायचो.

मग मी ठरवलं की खरा रणगाडा बघायचा. त्या दिवसांत फौजेच्या गाड्या जयपूरवरून जायच्या, सपाट वॅगनवर रणगाडे, वर ताडपत्री. यार्डात जुन्या ओळखी होत्या. एक गाडी बाजूच्या लाइनवर उभी आहे असं कळलं तसा सकाळीच रिक्षानं गेलो. वॅगनपासून हातभर अंतरावरून चालत राहिलो, नजर वर. ताडपत्रीला पुढच्या बाजूला एक फट होती. मी वाकलो, मान तिरकी केली.

"ताऊ, क्या देख रहे हो?"

बंदूकवाला पोऱ्या. माझ्या मुलापेक्षाही लहान असेल. मला काही सुचलं नाही, तोंडातून आयुष्यभराची सवय निघाली.

"हॉट एक्सल देख रहा हूँ."

चाकाचा एक्सल तापतो तेव्हा आम्ही तसं म्हणतो. गाडी दोन तासांपासून उभी होती. एक्सल बर्फासारखा थंड होता.

"रिटायर हो?"

"हां."

"तो घर जाओ ताऊ, घर में देखो. यहाँ झुकोगे तो अंदर बैठाना पड़ेगा."

मी घरी आलो. हेरगिरीसाठी धरला गेलो असतो आणि सुनेला पोलीस चौकीत यावं लागलं असतं, हे डोक्यात आलं ते रिक्षात बसल्यावर.

ती शाळेतून आली तेव्हा मी बाजेवर पडून होतो. तिनं स्वतःच खोकं उघडलं. मला वाटलं नुसती बघेल. तिनं टरेट फिरवलं, गोल, एकदा, दोनदा, आणि नळी समोर आणून थांबवली. नखानं झाकण उचलायला गेली.

"बाबा, हे उघडत नाही."

मी बाजेवर उठून बसलो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"किती दिवस?"

"दहा-बारा."

"आणि गोंद वाळला म्हणत होता." ती ओरडली नाही. रणगाडा पाटावर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "मी इथं कोण आहे बाबा? किरायेदार?"

मी उठून चहा केला. तिनं घेतला.

रविवारी सकाळी फोन वाजला. त्यांच्या फोनला माणसांची रांग असते, मिनिटं मोजून मिळतात. एरवी सून बोलायची आणि शेवटी माझ्या कानाला रिसीव्हर लावायची, तेवढ्यात मी जेवलास का विचारायचो आणि वेळ संपायचा. त्या दिवशी तिनं फोन उचलला, "थांबा, आधी बाबांशी बोला," म्हणाली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी प्रस्तावना केली नाही. "तुझी नळी समोर आणि खाली असली तर तुझं झाकण कसं उघडतं?"

पलीकडे त्याच्या मागं कोणीतरी खोकत होतं.

"बाबा, फोनवर असलं विचारायचं नसतं."

"मग कशावर विचारायचं? मी ते बनवलंय. अडतं ते."

"तुम्ही बनवलंत?" त्याचा आवाज बदलला. "सगळं?"

"झाकण अडतं. त्याचं सांग."

तो एकेक शब्द तोडून म्हणाला, "बाबा. टँक उलटा करा. पोट बघा. माझ्या सीटच्या मागं. बाकी काही विचारू नका." आणि सून रिसीव्हर घ्यायच्या आत लाइन गेली. तिच्या वाट्याची मिनिटंही मी खाल्ली.

आम्ही दोघंही गच्चीवर गेलो. मी रणगाडा उलटा केला.

पोट गुळगुळीत होतं. एक रेघ नाही. रंग एकसारखा, हात फिरवला तर आरशावरून फिरवल्यासारखा.

"यहाँ तो कुछ नहीं है," ती म्हणाली. घाबरली की ती सगळी हिंदीत जाते. "बाबा, इन्होंने झूठ बोला क्या?"

तेव्हा मला आठवलं. तुकडे कापले तेव्हा त्या पोटाला खालून कसल्या कसल्या खुणा होत्या. गोल ठसे, खाचा, रेघा. साच्यातून निघताना प्लास्टिकवर राहतात तशा. चित्रात पोट कुठंच दाखवलं नव्हतं. डब्याचं पोट कोणी बघत नाही म्हणून यार्डातली पोरं ते तसंच सोडायची आणि मी त्यांना शिव्या द्यायचो. मी स्वतः कधी सोडलं नाही. इथंही नाही सोडलं. सगळ्या खुणा लांबीनं भरल्या, वाळवल्या, पॉलिश पेपरनं घासल्या आणि वर दोन हात रंग दिला. काय भरलं ते बघितलंसुद्धा नाही.

"आहे," मी म्हटलं. "असेल तर याखाली असेल. मीच बुजवलंय."

ब्लेड घेतलं. सीटच्या मागची जागा बाहेरून अंदाजानं धरली, झाकणापासून एक पेर मागं. जोर दिला तर प्लास्टिकच कापलं जाईल, नाही दिला तर लांबी निघणार नाही. माझे हात इतके हलायला लागले की ब्लेड टेकवता येईना. सुनेनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आजाऱ्याचं धरतात तसं. मी खरवडत गेलो. हिरवा रंग निघाला, मग पांढरी भुकटी. भुकटी, भुकटी. ती फुंकर मारायची आणि आम्ही बघायचो. काही नाही. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते सांगतो. पोरानं बापाला गप्प करायला थाप मारली, मी असतो तर मीही मारली असती, आणि आता ही थाप मी या मुलीच्या डोळ्यांसमोर उघडी पाडतोय.

मग ब्लेडचं टोक कशात तरी घसरलं आणि सरळ गेलं. खाच होती. तिच्या मागोमाग ब्लेड चाललं, कोपऱ्यावर वळलं, पुन्हा सरळ. लांबट, गोल कोपऱ्यांचा एक चौकोन निघाला, जेमतेम नखाएवढा. एका कडेला बिजागरीचे दोन बारीक उंचवटे, ते मी कानशीनं सपाट केले होते पण बूड राहिलं होतं. दार होतं ते. जमिनीच्या बाजूचं दार.

सून तिथंच गच्चीच्या फरशीवर बसली.

मी रणगाडा सरळ करून पाटावर ठेवला आणि पोटाखाली बोट घालून बघितलं. एक बोट गेलं, वर थोडी जागा उरली. एक बोट, म्हणजे पस्तीसपट केल्यावर हातभर. हातभर जागेतून माणूस सरपटत निघतो. मी डब्यांखालून निघालेलो आहे.

तिनंही बोट घातलं. मग बोट तिथंच ठेवून म्हणाली, "रेत असली तर? मतलब, वाळूत बसला तर खाली एवढी जागा राहते का?"

हे माझ्या मनात आधीच येऊन गेलं होतं. खोटं बोलायची संधी होती, पण गोंदाचं खोटं अजून ताजं होतं.

"नाही राहणार."

"मग?"

"मग आतून खणावं लागेल. दार आत उघडत असेल तर वाळू आत ओढत खणायचं."

"कशानं?"

मी विचार केला. "फावडं बाहेर बांधलेलं असतं," मी म्हटलं. "बाहेर असून काय उपयोग. आत पाहिजे. लहान, एका हाताचं. पायाशी."

ती खाली गेली आणि वही-पेन घेऊन आली. फौजी पत्ता नुसत्या आकड्यांचा, तो तिला पाठ होता. मी सांगायचो, ती लिहायची.

"रणगाड्याचं नाव घालू नका," ती म्हणाली. "पत्रं तपासतात, फाडतील."

"मग कसं लिहिणार?"

"लिहिते. 'बाबा म्हणतात, कामाला बसताना छोटं फावडं पायाशी ठेवायचं, बाहेर ठेवायचं नाही. त्यांनी पोट बघितलं.'"

"वाचणारा मला वेडा म्हणेल."

"म्हणू दे. यांना कळेल."

पत्र टाकायला मी गेलो. त्यानंतर सगळी फौज तिथंच सरहद्दीवर होती, उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्यातल्या एका दिवसाचंही मी इथं सांगत नाही, सगळे सारखेच होते. सुरुंग पुरताना माणसं गेल्याच्या बातम्या यायच्या. सुरुंग खालून येतो आणि दारही खालीच, हे मला एका सकाळी दात घासताना कळलं. ते मी कोणाला लिहिलं नाही, त्याच्यावर माझ्याकडे उपाय नव्हता.

दिवाळीच्या आधी तो घरी आला. काळा पडलेला, गालफडं आत गेलेली. आईच्या फोटोसमोर बराच वेळ बसला. मग गच्चीवर आला, मी बनवलेला रणगाडा उलटा केला आणि खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"रंग नाही दिलात परत?"

"नाही देणार. फावडं ठेवलं होतंस?"

"बाबा, आत बसायला जागा नसते. गुडघे हनुवटीला लागतात."

"ठेवलं होतंस का?"

"ठेवलं होतं. मांडीखाली. आठ-नऊ महिने टोचलं."

"टोचू दे," मी म्हटलं. "परत जाशील तेव्हा तसंच ठेव."